न जाळता आवरलेला वेग : प्रस्तावना

3 फेब्रुवारी 1925 रोजी मुंबईच्या व्हिक्टोरिया टर्मिनसहून कुर्ल्याकडे देशातली पहिली विजेची रेल्वेगाडी सुटली. डोक्यावरच्या तारेत 1500 व्होल्टचा डीसी पुरवठा, डब्यांखाली डीसी मोटरी आणि मोटरमनच्या मुठीत एक दांडी, एवढा तो सरंजाम. दांडी एकेक नॉच पुढे सरकली की मोटरींच्या वाटेत घातलेले रेझिस्टन्स एकेक करून बाजूला होत आणि गाडी वेग घेत असे. हे रेझिस्टन्स घालणे भागच होते. फिरणारी डीसी मोटर स्वतःही व्होल्टेज निर्माण करते आणि तेच तिच्यातल्या करंटला आवरून धरते. उभ्या मोटरीत असा आवर घालणारे काहीच नसते. तिच्यावर तारेतले व्होल्टेज सरळ सोडले, तर ती फिरण्याआधी जळेल.

म्हणून सुरुवातीला मोटरी एकामागून एक जोडायच्या, मग समांतर करायच्या आणि दोन्ही टप्प्यांत उरलेले जास्तीचे व्होल्टेज रेझिस्टन्समध्ये जिरवायचे, अशी रीत पडली. नुसत्या रेझिस्टन्सवर गाडी सुरू केली, तर त्या टप्प्यात तारेतून घेतलेली निम्मी वीज उष्णता होऊन उडून जाते. एकसर-समांतर जोडणीच्या युक्तीने हे नुकसान तिसऱ्या हिश्श्यावर येते. त्याच्या खाली मात्र ते जात नाही. आणि पुढचे स्टेशन आले की एवढ्या खटाटोपाने कमावलेला सगळा वेग ब्रेकमध्ये घासून टाकायचा. लोकलला दोन-तीन किलोमीटरवर स्टेशन येते. म्हणजे दिवसभर, प्रत्येक स्टेशनला, आधी वेग घेताना जाळायचे आणि मग थांबताना जाळायचे.

9 एप्रिल 2016 च्या रात्री हार्बर मार्गावर शेवटची डीसी लोकल धावली. पश्चिम रेल्वे 2012 मध्ये आणि मध्य रेल्वेचा मुख्य मार्ग 2015 मध्ये या जुन्या पुरवठ्यातून मोकळा झाला होता. आज तारेत 25,000 व्होल्टचा एसी पुरवठा असतो. डब्याखालचा ट्रान्सफॉर्मर ते व्होल्टेज उतरवतो, एक कन्व्हर्टर त्या एसीचा डीसी करतो, दुसरा त्या डीसीपासून हव्या त्या फ्रिक्वेन्सीचा तीन फेजचा एसी घडवतो आणि त्यावर साध्या, दणकट इंडक्शन मोटरी फिरतात. गाडी थांबवताना त्याच मोटरी जनरेटर होतात आणि घेतलेल्या विजेतली तीस-पस्तीस टक्के वीज तारेत परत जाते. लोकल सुटताना खालून पायऱ्यापायऱ्यांनी चढत जाणारा जो सूर ऐकू येतो, तो या कन्व्हर्टरच्या कामाचा आवाज आहे.

1925 ची दांडी आणि आजचा हा सूर यांच्यामध्ये जे घडले, तो या पुस्तकाचा विषय. मोटरीचा वेग आवरायचा, पण त्यासाठी वीज जाळायची नाही. विषयाचे नाव ‘पॉवर कन्व्हर्टर आणि मोटर ड्राइव्हचे नियंत्रण’ असे भारदस्त असले, तरी त्याच्या मुळाशी हीच एक इच्छा आहे. ती फक्त रेल्वेची नाही. घरातल्या पंख्याचा जुना रेग्युलेटर आठवा. लाकडी बोर्डावरचा तो चौकोनी काळा डबा, ज्याला हात लावला की चटका बसायचा. पंखा हळू फिरावा म्हणून आपण भिंतीवर एक छोटी शेगडी पेटवून ठेवत होतो. आज अनेक घरांत आलेला बीएलडीसी पंखा जुन्या पंख्याच्या पाऊणशे वॅटऐवजी तीसेक वॅटमध्ये तेवढाच वारा देतो. त्याच्या पोटात एक छोटा पण पुरता ड्राइव्ह बसलेला आहे. आंतरराष्ट्रीय ऊर्जा संस्थेच्या 2011 च्या अभ्यासानुसार जगात वापरल्या जाणाऱ्या विजेतला सुमारे 45 टक्के वाटा मोटरींवर चालणाऱ्या यंत्रणांचा आहे. मोटरीला आवरण्याची रीत बदलली की केवढा फरक पडतो, ते या एका आकड्यावरून कळावे.

न जाळता आवरायचे कसे, याचे उत्तर ऐकायला फार सोपे आहे. स्विच पूर्ण बंद असेल तर त्यातून करंट जात नाही, म्हणून त्यात वीज जळत नाही. स्विच पूर्ण चालू असेल तर त्याच्यावर व्होल्टेज जवळजवळ राहत नाही, म्हणून तेव्हाही फारसे जळत नाही. जळते ते अर्धवट अवस्थेत. तेव्हा अर्धवट राहायचेच नाही. सेकंदाला हजारो वेळा पूर्ण चालू आणि पूर्ण बंद व्हायचे, आणि चालू राहण्याचा काळ कमीजास्त करून सरासरी हवी तेवढी ठेवायची. याला पल्स विड्थ मॉड्युलेशन म्हणतात.

वर्गात मी हे समजावताना मोटेचे उदाहरण देतो. मोट पाणी धारेने देत नाही. भरलेली मोट वर येते, थारोळ्यात एकदम रिकामी होते, पुन्हा विहिरीत उतरते. विहिरीच्या काठावर पाहिले तर पाण्याचा लोंढा, मग काही नाही, मग पुन्हा लोंढा. पण थारोळ्यातून निघालेल्या पाटाच्या टोकाला वाफ्यावर बसलेल्या माणसाला एकसारखी धार मिळते. ड्राइव्हमधले स्विच म्हणजे मोट, आणि मोटरीच्या गुंडाळ्यांचे इंडक्टन्स म्हणजे थारोळे. व्होल्टेज तुकड्यातुकड्यांनी येते, करंट मात्र जवळपास गुळगुळीत वाहतो. दर खेपेला मोट किती भरायची हे बदलत नेले, तर पाटातली धार हळूहळू चढवता आणि उतरवताही येईल. इन्व्हर्टर नेमके हेच करतो आणि डीसीमधून साइन वेव्ह कोरून काढतो. या पुस्तकाच्या तिसऱ्या प्रकरणातली सगळी गणिते या चित्राचाच विस्तार आहेत. गणित अडले तर परत थारोळ्यापाशी या.

उत्तर सोपे असूनही ते हाती यायला शतकाचा बराच मोठा भाग गेला, कारण एवढा चपळ स्विचच नव्हता. 1891 मध्ये हॅरी वॉर्ड लिओनार्ड यांनी एक मोटर आवरण्यासाठी आणखी दोन यंत्रे लावली : एक मोटर, तिने फिरवलेला एक जनरेटर आणि त्या जनरेटरच्या विजेवर चालणारी खरी कामाची मोटर. जनरेटरचे फील्ड थोडे हलवले की पलीकडच्या मोठ्या मोटरीचा वेग लोण्यासारखा बदलायचा. लिफ्ट, खाणींचे पाळणे, पोलादाच्या रोलिंग मिल्स यांवर या पद्धतीने कित्येक दशके राज्य केले. एका कामाला तीन यंत्रे घालण्याचा खर्च लोकांनी आनंदाने केला. वेगावर ताबा असण्याची किंमत त्यावरून कळते.

मग 1957 मध्ये अमेरिकेत जनरल इलेक्ट्रिकमध्ये थायरिस्टर आला. तो हव्या त्या क्षणी चालू करता येत होता, पण एकदा चालू झाला की करंट शून्यावर येईपर्यंत बंद व्हायला तयार नसे. एसी पुरवठ्यात करंट आपणहून शून्यावर येतो, त्यामुळे एसीचा डीसी करून डीसी मोटर चालवण्याचे काम त्याने उत्तम केले आणि पुढची वीस वर्षे कारखान्यांत डीसी ड्राइव्हचा सुकाळ झाला. डीसीमधून एसी घडवायचा तर मात्र त्याला जबरदस्तीने बंद करावे लागे आणि त्यासाठी कपॅसिटर आणि कॉइल यांचे आणखी एक लटांबर लागे. विल्यम मॅकमरे यांनी 1960 च्या दशकात या लटांबरातूनही सुंदर सर्किट्स काढली. ती आज कोणी बनवत नाही, तरी मी पुस्तकात एक ठेवले आहे. अडचणीतून माणूस कसा विचार करतो हे त्यात दिसते.

कोडे सुटले ते आयजीबीटीमुळे. 1980 च्या दशकाच्या सुरुवातीला जनरल इलेक्ट्रिकमध्येच बी. जयंत बालिगा यांनी हा स्विच घडवला. ते मद्रासमध्ये जन्मले आणि 1969 मध्ये आयआयटी मद्रासमधून इंजिनिअर झाले. मोठा करंट पेलणारा आणि तरीही गेटवरच्या छोट्याशा व्होल्टेजने चालू व बंद दोन्ही होणारा हा स्विच आज लोकलमध्ये आहे, इन्व्हर्टर एअर कंडिशनरमध्ये आहे, विजेच्या मोटारीत आहे. 2024 मध्ये त्यांना फिनलंडचा मिलेनियम टेक्नॉलॉजी पुरस्कार मिळाला. आपल्या शाळांच्या भिंतींवर शास्त्रज्ञांच्या तसबिरी असतात. त्यांत बालिगांची तसबीर असायला हवी असे मला मनापासून वाटते.

चपळ स्विच मिळाला म्हणजे अर्धे काम झाले. त्याला कधी चालू आणि कधी बंद करायचे, हा नियंत्रणाचा भाग. इंडक्शन मोटरीचा वेग मुख्यतः फ्रिक्वेन्सीवर ठरतो. चार पोलच्या मोटरीत 50 हर्ट्झला चुंबकी क्षेत्र मिनिटाला 1500 फेरे घेते आणि रोटर त्याच्या थोडा मागे, 1440 च्या आसपास फिरतो. फ्रिक्वेन्सी निम्मी केली की वेग जवळपास निम्मा होतो. पण तेव्हा व्होल्टेजही निम्मे करावे लागते, नाहीतर लोखंडात चुंबकत्व मावत नाही आणि मोटर तापते. 415 ला 50 ने भागले की हर्ट्झमागे 8.3 व्होल्ट येतात. हे प्रमाण सांभाळणे म्हणजे व्ही-बाय-एफ नियंत्रण. पंपाला, पंख्याला, ब्लोअरला ते पुरते.

लिफ्टला, क्रेनला, लोकलला पुरत नाही. तिथे नुसता वेग नव्हे, टॉर्क हवा, आणि तोही मागितल्या क्षणी. डीसी मोटरीत हे सोपे होते, कारण चुंबकत्व निर्माण करणारा करंट आणि टॉर्क देणारा करंट वेगवेगळ्या वायरींतून येतात. इंडक्शन मोटरीत दोन्ही एकाच करंटमध्ये मिसळलेले असतात, आणि शिवाय तो करंट सतत गरगरत असतो. तो वेगळा कसा करायचा?

जत्रेतल्या लाकडी घोड्यांच्या चक्राजवळ उभे राहा. घोडे तुमच्यासमोरून झर्रकन जातात. कोणता घोडा कोणत्याच्या किती पुढे आहे, हे सांगता येत नाही. आता त्या चक्रावर एका घोड्यावर बसा. शेजारचा घोडा अगदी स्थिर दिसतो, त्याच्या गळ्यातले घुंगरूसुद्धा मोजता येतात. फिरणाऱ्या चुंबकी क्षेत्रावर बसून मोटरीकडे पाहिले, तर गरगरणारा करंटही असाच स्थिर दिसतो आणि त्याचे दोन भाग स्वच्छ वेगळे करता येतात : एक चुंबकत्वाचा, दुसरा टॉर्कचा. या घोड्यावर चढण्याच्या गणिताची पहिली पायरी एडिथ क्लार्क यांच्या नावाने ओळखली जाते आणि दुसरी रॉबर्ट पार्क यांच्या 1929 च्या कामावरून. क्लार्कबाई अमेरिकेत विद्युत अभियंता म्हणून नोकरीवर नेमलेल्या पहिल्या महिला मानल्या जातात. या दृष्टीवर चालणाऱ्या जगातल्या प्रत्येक ड्राइव्हमध्ये आज त्यांचे हे गणित सेकंदाला हजारो वेळा चालते.

1969 मध्ये जर्मनीत के. हासे यांनी आणि पाठोपाठ सीमेन्समध्ये फेलिक्स ब्लाश्के यांनी या दृष्टीतून व्हेक्टर नियंत्रण मांडले. कागदावरची ही कल्पना यंत्रात उतरायला मात्र स्वस्त आणि वेगवान मायक्रोप्रोसेसर येईपर्यंत थांबावे लागले. पुढे 1980 च्या दशकात जपानमध्ये ताकाहाशी आणि नोगुची यांनी आणि जर्मनीत डेपेनब्रोक यांनी घोड्यावर न चढताच थेट टॉर्क आवरण्याची वेगळी वाट काढली. दोन्हींत श्रेष्ठ कोण, यावर परिषदांमध्ये बरीच भांडणे झाली. माझे मत असे की शिकणाऱ्याने आधी व्हेक्टर नियंत्रण शिकावे, कारण त्यातून मोटर कळते.

हे सगळे एकत्र पाहायचे असेल तर गळीत हंगामात एखाद्या साखर कारखान्यात जा आणि सेंट्रिफ्यूगलपाशी अर्धा तास उभे राहा. पॅनमधून आलेले मॅसेक्विट, म्हणजे साखरेचे दाणे आणि मळी यांचे दाट मिश्रण, जाळीच्या भांड्यात भरताना भांडे मिनिटाला दोनेकशे फेऱ्यांनी फिरते. मग वेग हजाराच्या वर चढतो आणि मळी जाळीतून बाहेर फेकली जाते. मग वेग पुन्हा पन्नासेकवर उतरतो आणि पाते साखर खरवडून खाली सोडते. तासाला वीसेक वेळा हे असेच चालते. दीड-पावणेदोन टन माल आणि जड भांडे, यांचा वेग दर तीन मिनिटांनी चढवायचा आणि उतरवायचा.

इथे एक नियम सांगतो, जो मला स्वतःला कळला तेव्हा मी चकित झालो होतो. असे जड चक्र इंडक्शन मोटर सरळ लाइनवर टाकून फिरवले, तर पूर्ण वेगाला पोचेपर्यंत चक्रात जेवढी गतिज ऊर्जा साठते, निदान तेवढीच रोटरमध्ये जळते. मोटर कितीही चांगली असली तरी. 1925 च्या लोकलमधल्या रेझिस्टन्सचा हिशेब इथे जसाच्या तसा पुन्हा भेटतो, फक्त रेझिस्टन्स आता रोटरच्या पोटात आहे. ड्राइव्हने फ्रिक्वेन्सी हळूहळू चढवली तर रोटर क्षेत्राच्या फार मागे पडतच नाही आणि हे जळणे नाममात्र उरते. वेग उतरवताना मोटर जनरेटर होते. चार-पाच मशीन एकाच डीसी बसवर, म्हणजे एसीचा डीसी झाल्यावरच्या सामाईक पुरवठ्यावर, जोडलेली असतील, तर एक थांबताना दिलेली वीज शेजारचे मशीन वेग घेताना वापरते.

ड्राइव्ह बसवला की वीज वाचलीच, असा मात्र एक समज पसरला आहे आणि तो खोडून काढणे मला गरजेचे वाटते. पंपाचा वेग 80 टक्क्यांवर आणला की लागणारी शक्ती सुमारे 51 टक्क्यांवर येते, हा घनाचा नियम प्रत्येक विक्रेता सांगतो. जिथे पाणी नुसते फिरवायचे आहे, तिथे तो खरा आहे. उपसा सिंचनाचे तसे नाही. समजा नदीपासून हौदापर्यंतची चढण 40 मीटर आहे आणि पंप पूर्ण वेगात जास्तीत जास्त 60 मीटर उंची गाठू शकतो. पंपाची उंची वेगाच्या वर्गाने घटते. 80 टक्के वेगाला ती 38.4 मीटर उरते. म्हणजे मोटर फिरते, वीज लागते आणि हौदात थेंब पडत नाही. सौर कृषिपंपाच्या कंट्रोलरमध्येही आत ड्राइव्हच असतो. ढग आल्यावर पंप फिरताना दिसूनही पाणी का येत नाही, असे शेतकरी विचारतात, त्याचे उत्तर याच हिशेबात आहे. पंपांच्या प्रकरणात मी नफ्याच्या उदाहरणांइतकीच अशी तोट्याची उदाहरणेही दिली आहेत.

दुसरी गोष्ट माझ्या डोळ्यांसमोर घडली. एका कारखान्यात 55 किलोवॉटच्या मोटरीचे बेअरिंग दर चार महिन्यांनी जाई. बेअरिंग बदलले, ग्रीस बदलले, अलाइनमेंट तीनदा तपासले, फिटरला बोल लावला. काढलेले बेअरिंग मी कापून पाहिले, तर आतल्या मार्गावर कपडे धुण्याच्या फळीसारख्या एकसारख्या आडव्या रेघा होत्या. त्या रेघा विजेने कोरलेल्या होत्या. ड्राइव्हच्या झपाट्याने चढणाऱ्या पल्समुळे शाफ्टवर व्होल्टेज साठते आणि ते बेअरिंगच्या तेलाच्या पातळ थरातून ठिणगी मारत जमिनीकडे जाते. शील्ड असलेली केबल, दोन्ही टोकांना नीट अर्थिंग, मागच्या बाजूला इन्सुलेटेड बेअरिंग आणि शाफ्टला अर्थिंग रिंग एवढ्यावर प्रश्न संपला. फिटरचा काहीच दोष नव्हता. ड्राइव्ह बसवणाऱ्याला पॅरामीटर पाठ होते, पण आतला स्विच बाहेरच्या जगात काय पाठवतो हे ठाऊक नव्हते. त्या दिवसापासून हे पुस्तक लिहायचे माझ्या मनात होते.

भाषेबद्दल थोडे. ‘रोहित्र’ हा शब्द महाराष्ट्रात रुजला, वीज गेल्यावर खेड्यातला माणूसही तो वापरतो. म्हणून पुढच्या प्रकरणांत ट्रान्सफॉर्मरला मी रोहित्रच म्हटले आहे. मोटरीला ‘चलित्र’ म्हणावे असे सुचवले गेले, ते कोणी मनावर घेतले नाही. मीही घेतलेले नाही. टॉर्क, स्लिप, फेज, गेट, डीसी बस हे शब्द पॅनेलसमोर उभा असलेला वायरमन वापरतो, तसेच मी ठेवले आहेत. स्पष्टीकरण मात्र कुठेही इंग्रजी वाक्यावर सोडलेले नाही. आयटीआय आणि डिप्लोमाची मुले हे विषय मराठीत बोलून समजून घेतात आणि परीक्षेत इंग्रजीत पाठ करून लिहितात. त्यांना समजलेले मराठीतच छापलेले मिळावे.

पहिली पाच प्रकरणे क्रमाने वाचा. पुढची गरजेप्रमाणे वाचलीत तरी चालेल. परमनंट मॅग्नेट मोटर आणि विजेची वाहने यांवरचे प्रकरण सर्वांत लवकर जुने होईल हे मला माहीत आहे. सिलिकॉन कार्बाइडचे स्विच त्या क्षेत्रात वेगाने येत आहेत.

आणि प्रयोगाला बसण्याआधी एवढे लक्षात ठेवा. 415 व्होल्टच्या ड्राइव्हमध्ये डीसी बसवर 587 व्होल्ट असतात आणि मेन स्विच बंद केल्यावरही ते कपॅसिटरमध्ये साठलेले राहतात. डिस्प्ले विझला याचा अर्थ आत वीज नाही असा होत नाही. झाकणावर लिहिली असतील तेवढी मिनिटे पूर्ण थांबा, मग डीसी बसच्या दोन टर्मिनलवर मीटर लावा आणि तो शून्याजवळ आलेला स्वतःच्या डोळ्यांनी पाहिल्याशिवाय आत हात घालू नका.